नीरम

माशाच्या तेलाचा वास एकदा हाताला लागला की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. त्या माघात आमच्या सर्जेकोटच्या घरापुढच्या खळ्यात तो वास आंब्याच्या मोहोराशी असा मिसळून गेला होता की आजही कुठे मोहोर फुलला की मला आधी आठवते ती जमिनीपासून हातभर उचललेली आमची जुनी व्हॅन आणि तिच्या पोटाखाली उताणे पडलेले बाबा. कोवळं ऊन माडाच्या झावळ्यांतून गळून त्यांच्या उघड्या पायांवर हलत होतं आणि ते गंजलेल्या नटांना चमच्याने तेल पाजत होते, आजारी मुलाला औषध पाजावं तसं. चाळीस वर्षं होडीच्या लाकडाला चोळलेलं तेल लोखंडालाही मानवेल, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. तीस वर्षं डोक्यावर माशांची टोपली घेऊन मालवणचा बाजार गाठणाऱ्या माझ्या आईच्या मणक्याने एके दिवशी संप पुकारला, आणि तेव्हापासून दोन वर्षं तिचं जग ओटी, न्हाणीघर आणि विहीर एवढ्यावर येऊन थांबलं होतं. तिची एकुलती एक थोरली बहीण वेंगुर्ल्याला. मावशीच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली दृष्टी परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर एकच निरोप यायचा, ‘भयणीक सांगा, डोळ्यांक दिसता तवसर येवन जा.’ निरोप ऐकला की आई पदराने स्वतःचेच डोळे पुसून घ्यायची.

मी मालवणच्या शाळेत मराठी शिकवते. केवळ या एका प्रवासासाठी मी ती आठ माणसांची जुनी व्हॅन घेतली, चालवायला शिकले, आणि शिकताना एक कुंपण व शेजाऱ्यांची दोन केळी आडवी केली. पण व्हॅनचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीला तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्या, पूर्वीच्या मालकाच्या सेवेत दमून पार सपाट झाले होते. पहिल्याच फेरीत, चौके गावापर्यंतही न पोचता, आई ओठ चावत म्हणाली, ‘माका जमूचा नाय गो,’ आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी मी तडक कुडाळला गेले आणि दुकानदाराला म्हटलं, तुमच्याकडचे सगळ्यात मजबूत पाटे द्या. त्यानेही मनापासून दिले. शब्दांचे अर्थ मुलांना समजावणारी बाई मी, पण ‘मजबूत’ या शब्दाने त्या दिवशी मला चांगलाच हात दाखवला.

गॅरेजवाला गाडी आठ दिवस ठेवून जा म्हणाला, तेव्हा बाबांचा तांडेली बाणा जागा झाला. होडी विकली तरी तिचा तांडेल, तिचा म्होरक्या, त्यांच्यात शाबूत होता. लाटांवर हेलकावत इंजिन खोललेल्या माणसाने अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे चार बोल्ट दुसऱ्याकडून पिळून घ्यायचे, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली. मग गाडी घरंगळू नये म्हणून पुढच्या चाकांना चिऱ्यांची उटी लागली, किनाऱ्यावर होडीखाली घालायचे ओंडके गाडीखाली आले, आणि मी पान्यावर पाइप चढवून सगळं अंग त्यावर टाकत असताना पहिला नट ‘कट्’ करून सुटला, तो आवाज मला अजून गोड वाटतो. नवे पाटे काळ्या रंगाने चमकत होते आणि चांगले कमानदार होते. त्यांचं भोक जागेवर येईना, तेव्हा बाबांनी काथ्याचा दोर घालून, होडी ओढताना घालतात ती गाठ मारून, ते इंचाइंचाने खेचून आणलं. नट मात्र त्यांनी चाकं जमिनीवर टेकेपर्यंत पुरते आवळू दिले नाहीत. ‘पाण्यात उतरल्याबगर घट्ट करूचा नाय,’ हा होडीचा नियम त्यांनी गाडीलाही लावला. ओटीवर उशांना टेकून बसलेली आई हे सगळं पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेली उत्सुकता होती.

संध्याकाळी तिला मागच्या बाकावर बसवून मी देवळापर्यंत गाडी नेली. जेमतेम दोनशे पावलांचं अंतर, पण गाडी प्रत्येक खड्ड्यावर टणाटण उडत होती. पहिल्यापेक्षा वाईट. आईने मागून माझा खांदा धरला आणि उतरव म्हणून खुणावलं. मग मला उमगलं की आंब्याचा हंगाम तोंडावर असताना त्या दुकानात मजबूत म्हणजे हापूसच्या पेट्या खच्चून भरणाऱ्या गाड्यांचे पाटे, आणि माझ्या गाडीत तर एक वाळलेली म्हातारी होती. मला माझाच इतका राग आला की मी देवळाच्या पायरीवर बसून रडले.

बाबा मात्र हसत होते. ‘रिकामी होडी नाचतली नाय तर काय करतली गो? तिच्या पोटात नीरम घाल, मगे बघ!’ रिकामी होडी लाटेवर उसळू नये म्हणून तिच्या तळाशी दगड, वाळू घालतात, ते नीरम. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण होडीबाहेर त्याला काही काम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाबांनी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूची चार पोती गाडीत रचली, आणि खरोखरच गाडी बदलली, शहाण्या मुलीसारखी चालू लागली. प्रश्न एवढाच होता, की बहिणीला भेटायला निघालेल्या आईने वाळूच्या पोत्यांशेजारी बसायचं का? तो आईच्या बाजारातल्या मैत्रिणींनी सोडवला. शेवंताकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘रेती कित्याक? आमी काय हलकी आसंव?’

हलक्या त्या मुळीच नव्हत्या. शेवंताकाकीला म्हापणला लेकीकडे राहायला जायचं होतं, जनाकाकीला परुळ्याला माहेरी, आणि सुलूवैनीला नुसतंच जायचं होतं. पण आधी तिघींनाही वेंगुर्ल्यापर्यंत आईला सोबत करायची होती. बाबा पुढे माझ्या शेजारी बसले, मागे समोरासमोरच्या दोन बाकांवर त्या आईला मधे घेऊन बसल्या आणि गाडीचे पाटे पहिल्यांदाच समाधानाने वाकले. कर्लीच्या खाडीवरून गार वारा आत येत होता, मागे चौघींच्या गप्पा चालल्या होत्या, आणि त्यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मावशी दारातच उभी होती. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळ घेतला, उजेडाकडे वळवला आणि कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाली, ‘केस पिकले गो तुझे!’ आईने हसत, रडत विचारलं, ‘दिसता मा? मगे बरा.’ आम्ही सगळे उगाच इकडेतिकडे पाहू लागलो.

परतताना आई थकून, डोळे मिटून पडली होती. म्हापणला शेवंताकाकी उतरली, आणि पुढच्या खड्ड्यावर आईने डोळे न उघडताच विचारलं, ‘शेवंता उतारली मा?’ परुळ्यानंतर तिने तसंच जनाकाकी उतरल्याचं ओळखलं. मालवणच्या बाजारात सुलूवैनी उतरली, गाडी पुन्हा नाचू लागली आणि आई खड्ड्याखड्ड्याला कण्हू लागली. रस्त्याकडेला चिऱ्यांचा ढीग दिसला, तेव्हा माझ्या शेजारी, समुद्राच्या सवयीने समोर नजर लावून बसलेले बाबा म्हणाले, थांब, पाचसहा चिरे टाकूया. मी गाडी थांबवली.

मागून आईचा आवाज आला, ‘अवो, दगड नको. तुमी पाठी येवा. तुमचा वजन हंय व्हया.’

चाळीस वर्षं पहाटेच्या अंधारात घराबाहेर पडलेला माणूस. लग्नकार्याखेरीज त्या दोघांना एका बाकावर बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. बाबा क्षणभर घुटमळले, मग उतरले, पुढचं दार लावलं आणि मागे जाऊन तिच्या शेजारी टेकले. त्यांचं वजन ते किती! खाऱ्या वाऱ्याने सुकवलेला देह. पाट्यांना त्याने काही फरक पडायला नको होता. पण पुढच्या खड्ड्यावर आई कण्हली नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. आरशात मला दोघांचे फक्त खांदे दिसत होते. ऊन उतरलं होतं, घर आता जवळ आलं होतं, आणि मी गाडी उगाचच आणखी हळू केली.