आप्पांचं चॅनेल

माझ्या मेहुण्याइतकं लक्ष देऊन दुसऱ्याचं ऐकणारा आणि त्यातला एक शब्दही मनावर न घेणारा माणूस अख्ख्या मुंबईत शोधून सापडायचा नाही. तो नाटकांचा साउंड करतो. म्हणजे प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेमागे भलं मोठं डिजिटल मिक्सर मांडून बसतो आणि नटांच्या गालाला चिकटवलेल्या माइकमधून येणारे आवाज वरखाली करत असतो. या धंद्यामुळे त्याला एक खोड लागली आहे. माणूस काय बोलतो हे त्याच्या कानात शिरतच नाही, कसा बोलतो तेवढंच शिरतं. मी त्याच्या बहिणीला बघायला मुलुंडला गेलो तेव्हा बाकीच्यांनी मला नोकरी, घर, आईवडील असं सगळं विचारून घेतलं. हा कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता. आम्ही निघाल्यावर घरच्यांनी त्याचं मत विचारलं तर म्हणाला, "माणूस चांगला आहे. थोडा नाकात बोलतो, पण ते काढता येईल." लग्नाला इतकी वर्षं झाली, ते अजून निघालेलं नाही, आणि भेटला की तो माझ्या नाकाकडे अर्धवट राहिलेल्या कामाकडे पाहावं तसा पाहतो.

त्याच्या घरी जेवायला जायचं तर घाम पुसायला रुमाल न्यावा लागतो, कारण पंखा बंद असतो. पंखा घरघरतो. फ्रिज तर त्याच्या लेखी शत्रूच. जेवताना तो फ्रिजचं बटण बंद करतो आणि पुन्हा लावायला विसरतो, त्यामुळे त्या घरात दूध नासणं ही रोजची बाब आहे. त्याची बायको यावरून बोलायला लागली की हा शांतपणे दोन बोटं हवेत धरतो आणि मिक्सरवरची पट्टी ओढावी तशी सावकाश खाली ओढतो. एकदा तिने ते पकडलं. "मला म्यूट करतोस काय रे?" तर हा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही गं, म्यूट कशाला. वरची धार तेवढी काढली." त्या दिवशी आम्हाला जेवण बाहेरून मागवावं लागलं.

त्याच्या मिक्सरवर प्रत्येक नटाचं स्वतंत्र चॅनेल असतं आणि त्या चॅनेलवरच्या चिमुकल्या पडद्यावर नाव लिहिता येतं. इतर साउंडवाले तिथे भूमिकेचं नाव घालतात. हा 'खोकला', 'बांगड्या', 'ओरडू नको' असलं काहीतरी लिहून ठेवतो. नाटकाच्या नायिकेने एकदा आपल्या चॅनेलवर 'बांगड्या' वाचलं आणि पुढे कित्येक प्रयोग ती त्याच्याशी बोलली नाही. याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण माइकमधून ती बोलतच होती. चॅनेलच्या पोटात त्या माणसाच्या आवाजाचं सगळं साठवलेलं असतं. आवाज मुळात किती उचलायचा, कुठली खरखर कापायची, किती बारीक झाला की चॅनेलने आपोआप मिटायचं. एकाच्या सेटिंग्ज कॉपी करून दुसऱ्याला लावणाऱ्यांचा त्याला भयंकर राग. "दुसऱ्याच्या कवळीने जेवता का तुम्ही?" असं तो विचारतो.

त्या मिक्सरवर टोपणनाव नसलेलं एकच चॅनेल होतं, 'आप्पा'. आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेली. तिथे मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा तयार झाला की कामगारांच्या नाटकांत त्यांना राजाशिवाय दुसरं काम कोणी दिलं नाही. गिरणी बंद पडली, आम्ही बोरिवलीला आलो, आणि निवृत्तीच्या वयात त्यांना एका व्यावसायिक नाटकात आजोबांची भूमिका मिळाली. साउंडला हा होता. गालाला माइक चिकटवून घेणं आप्पांना अपमानास्पद वाटायचं. "ह्यो माइक मी तुझ्यासाठी लावतंय," ते त्याला सांगत, "तुझी नोकरी रवाक होयी." नोकरी टिकायला हवी, यावर हा मान डोलवायचा. आप्पांचा आवाज म्हणजे त्याच्या मते देवाने सेटिंग करूनच पाठवलेला होता, त्याला हात लावायची गरज नव्हती.

मग एका प्रयोगात त्याच्या लक्षात आलं की आप्पांच्या वाक्यांची शेपटं गायब होताहेत. "मी या घरातून जाणार" एवढं येई आणि "नाही" खाऊन टाकलं जाई. वाक्याच्या शेवटी आवाज इतका खाली जात होता की माणूस गप्प झाला असं समजून चॅनेल मिटत होतं. त्याने ते मिटणं काढून टाकलं. पुढच्या प्रयोगाला मूळ आवाज थोडा वर घेतला, त्याच्या पुढच्याला आणखी थोडा. वर जाणं अवघड झालं तेव्हा त्याने इतरांना खाली आणायला सुरुवात केली. 'ओरडू नको' चिडला, नायिका निर्मात्याकडे गेली, याने दोघांचंही नेहमीप्रमाणे लक्ष देऊन ऐकलं. आप्पा मात्र खूश होते. आपला आवाज दणक्यात जातोय, असंच त्यांना वाटत होतं.

घरी आम्हाला संशय यायला हवा होता. पण आयुष्यभर अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलणारे आप्पा आताशा हळू बोलतात याचा आम्हाला आनंदच झाला. वयाने शांत झाले, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. मी सारखं "काय?" विचारतो म्हणून बायकोने मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मळ काढून दिला.

अशात मेहुण्याला डेंग्यू झाला आणि घाटकोपरच्या प्रयोगाला दुसरा माणूस बसला. याने पेनड्राइव्हवर सगळं भरून पाठवलं होतं. पण त्या बिचाऱ्याने पाहिलं तर एकच चॅनेल भलतंच वर आणि बाकी सगळी खाली. कोणाचा तरी धक्का लागला असणार, असं समजून त्याने सगळी नीट एका पातळीत आणली. पडदा उघडला, आप्पांनी पहिलं वाक्य घेतलं आणि मागून ओरडा आला, "आवाज, आवाज." आप्पा थांबले. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा ओरडा आला. मी चौथ्या रांगेत होतो. आप्पांचे ओठ हलताना मला दिसत होते आणि समोरच्या बाईंच्या पिशवीचा प्लास्टिकचा आवाज ऐकू येत होता.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "तो बदली माणूस येडो होतो." आम्ही सगळ्यांनी त्या माणसाला मनापासून शिव्या दिल्या. चार दिवसांनी मेहुणा आला. तापातून उठलेला, जिना चढून धापा टाकत होता. आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं.

"त्याचं काही चुकलं नाही, आप्पा," हा म्हणाला. "त्याने सगळ्यांना सारखं ठेवलं. मी तुम्हाला वर ठेवत होतो."

"कधीपासना?"

"झाले खूप महिने."

"मग अजून वर ठेव."

"जागाच नाही उरली. अजून नेलं तर माइक शिट्टी मारतो."

आप्पा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुम्ही काम सोडलं असतं ना."

"सोडलं असतं. पण माझं मी सोडलं असतं. लोकांनी ओरडून नाय." आणि पुढे, "ह्याच्यापुढे माझ्याशी खोटा बोलू नको."

आम्ही आप्पांना डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, सांगितला. हात कापायला लागायच्या आधीच आवाज गेला होता, आणि या आजारात आपण हळू बोलतोय हे बोलणाऱ्याला उमगत नाही. यांना आधी आणलं असतं तर व्यायाम देऊन आवाज आणखी काही काळ टिकवता आला असता, असंही ते सहज बोलून गेले. मेहुणा माझ्या शेजारी उभा होता. डॉक्टरांचा आवाज कसा होता ते त्याला आजही सांगता येत नाही. ते वाक्य मात्र त्याला पाठ आहे, आणि ते त्याने मला इतक्या वेळा म्हणून दाखवलं आहे की एकदा मी त्याला हात जोडले.

मग तो दर रविवारी मुलुंडहून बोरिवलीला यायला लागला. आला की पंखा बंद करायचा, फ्रिज बंद करायचा, खिडक्या लावायचा आणि आप्पांच्या खाटेला खुर्ची भिडवून बसायचा. आम्ही आप्पांचं बोलणं कळलं नाही तरी "हो हो आप्पा" म्हणायला शिकलो होतो. त्यांना वाईट वाटू नये, एवढाच हेतू. हा तसं म्हणायचा नाही. "नाही कळलं, आप्पा. परत." आप्पा परत बोलत. "नाही कळलं." ते आणखी परत बोलत. आम्हाला तो दुष्टपणा वाटायचा. मी एकदा बोललोही त्याला. पण आप्पा आमच्याशी बोलणं कमी करत गेले आणि रविवारी मात्र सकाळपासून दाढी करून द्या म्हणून खुणा करू लागले.

गेल्या वर्षीच्या शेवटच्या रविवारी आप्पा त्याला काहीतरी सांगत होते. तो ऐकता ऐकता इतका वाकला की त्याचा कान त्यांच्या ओठांना लागला. "नाही कळलं," तो म्हणाला. पुन्हा. आणखी एकदा. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या बायकोला दारातून बघवेना. "अरे, एकदा हो म्हण ना त्यांना," ती म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे वाहत होते आणि तो म्हणत होता, "परत, आप्पा. परत एकदा." आप्पा एकदाही चिडले नाहीत. दमून झोप लागेपर्यंत ते सांगत राहिले. बुधवारी ते गेले.

तेराव्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी त्याला विचारलं, आप्पा शेवटी काय बोलले? त्याने काहीही सांगितलं असतं तरी आम्ही मानलं असतं, आणि खरं सांगतो, त्याने काहीतरी सांगावं असं मला फार वाटत होतं. तो माझ्याकडे वळला.

"बोलत होते, भावोजी," तो म्हणाला. "मला नाही ऐकू आलं."