न गेलेल्या अंड्यांची आयात

परदेशी जाणारी अंडी तपासण्याच्या सरकारी नोकरीत त्याचं खरं नाव कधीच मागे पडलं. सगळे त्याला अंडेराव म्हणत. बायकोसुद्धा, पण फक्त रागावली की.

अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आत डाग नाही ना बघायचं आणि 'फक्त निर्यातीसाठी' असा शिक्का मारायचा. चांगली अंडी बोटीने जात. गावाच्या वाट्याला तडकलेली येत, तीही महाग. पुढे तीही मिळेनाशी झाली. लोकांनी आरडाओरडा केला, सरकारला जाग आली आणि एका फटक्यात निर्यात बंद झाली.

शिक्का मारलेल्या अंड्यांची खोकी गोदामात छताला टेकली. अंड्यांची मालकीण, पोल्ट्रीवाली मावशी, तावातावाने आली.

"बाहेर पाठवायची नाहीत ना? मग इथेच विकते."

"नाही विकता येणार. शिक्का आहे."

"तुम्हीच मारलाय ना?"

"मारायचा अधिकार आहे मावशी, पुसायचा नाही."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. फाटकाबाहेर रिकाम्या पिशव्या घेऊन माणसं उभी होती. त्यांत त्याची बायकोही होती. तिने ओळखसुद्धा दाखवली नाही.

तो तडक साहेबांकडे गेला.

"अंडी देशातलीच आहेत, हीच तर अडचण आहे," साहेब म्हणाले. "बाहेरून आली असती तर आयात म्हणून लगेच सोडली असती."

"मग आणू या बाहेरून," अंडेराव म्हणाला.

ट्रक मागच्या फाटकातून निघाले, गोदामाला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत आले. साहेबांनी आयात मंजूर केली. अंडेरावाने मात्र सगळी अंडी पुन्हा दिव्यासमोर धरली. उकाड्याने बरीच नासली होती. साहेब "चालवून घ्या" म्हणत राहिले, पण त्याने ती बाजूला काढलीच. उरलेली मावशीने फाटकातच विकली.

टंचाईत तातडीने आयात केली म्हणून साहेबांना बढती मिळाली. अंडेरावाला मात्र वरून विचारणा झाली, की मित्रराष्ट्राची इतकी अंडी नापास करून त्याचा अपमान का केला?

"खुलाशात कुठलं राष्ट्र लिहू?" त्याने साहेबांना विचारलं.

साहेबांनी बढतीचा कागद घडी करून खिशात ठेवला. "सध्या नुसती दिलगिरी व्यक्त करा," ते म्हणाले.

त्याने ती केली. त्या संध्याकाळी घरी बायकोने त्याच्यापुढे ऑम्लेट ठेवलं आणि मीठ पुरे का, तेवढं विचारलं.