मिरीचा पापड

"ह्यो माझा पापड न्हाय, आण्णा."

"पापडाला काय नाव लिवलंय व्हय रं इमाम? पापड ह्यो पापड!"

"नाव कशाला पायजे? तोंड हाय की मला."

इमाम मिस्त्री बेसमेंटच्या खालच्या पायरीवर उकिडवा बसला होता. हातात ताटली, ताटलीत पापडाचे दोन तुकडे, तिसरा तुकडा तोंडात. समोर घरमालक हंबीरराव. कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहरा दुधात तोंड घालून मिशा पुसणाऱ्या बोक्याचा.

इमाम पेठ वडगावचा. तीस वर्षं त्याचा धंदा एकच, पाणी शिरलेली घरं सुकवून पुन्हा उभी करायची. पुराचा त्याला राग नाही. पूर येतो तसा जातो. राग आहे तो मालक लोकांचा. "पानी दोन दिसांत शिरतंय आन् चार म्हयन्यांनी भिंतीतनं निघतंय," तो म्हणतो. "मालकाची मस्ती मातूर निघतच न्हाय."

हंबीररावांची मस्ती तर गल्लीनं बघितलेली. जुलैअखेर नदी दारात आली आणि बेसमेंट छातीभर भरलं. अशा वेळी शहाणा माणूस गप बसतो. बाहेरची जमीन पाण्यानं तट्ट फुगलेली असते, ती भिंतीला आत रेटत असते, आणि आतलं पाणीच त्या रेट्याला टेकू देऊन उभं असतं. नदी उतरेल तसं आतलंही हळूहळू उपसायचं, हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शेजाऱ्याचं तळघर भरलेलं असताना आपलं कोरडं दिसलं पाहिजे, ही कोल्हापुरी ईर्षा. हंबीररावांनी उसाच्या रानातलं इंजन ट्रॉलीत घालून आणलं, गल्ली गोळा केली आणि एका दिवसात तळघर उपसून दाखवलं. शिट्ट्या झाल्या. मोबाइलवर व्हिडिओ निघाले. दुसऱ्या दिवशी खालची फरशी भाकरीगत टम्म फुगली आणि मागच्या भिंतीला पायापासून हातभर तडा गेला. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

मग इमामला सांगावा गेला.

त्यानं फरशी फोडली, नवं काँक्रीट घातलं, तडा भरला. पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या वर हातभर गिलावा खरवडून वीट उघडी केली. भिंती घासल्या, झडपा उघडल्या, दोन महिने वारा खेळवला. आता राहिला होता नवा गिलावा. पण ओल्या विटेवर गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि बुरशी होऊन बाहेर पडते. म्हणून इमामची एक रीत. संध्याकाळी सलमानं, म्हणजे त्याच्या बायकोनं लाटून उन्हात कडक वाळवलेला एक कच्चा पापड ताटलीत ठेवायचा आणि दारं-झडपा बंद करून घरी जायचं. सकाळी पापड कट्कन मोडला तर खोली सुकली. वाकला तर नाही.

हंबीररावांकडं पापड दोनदा वाकला. आज तिसऱ्या खेपेला मात्र कट्कन मोडला. मोडायच्या आधीच हंबीरराव हसले, तिथंच इमामला वास आला.

"ह्यो मशिनीवरचा हाय, चंद्रागत गोल," इमाम म्हणाला. "माझ्या बायकूचा पापड गगनबावड्याच्या घाटागत वाकडा असतोय. आन् ह्यात जिरं हाय. सलमा मिरी घालती. जिऱ्याला हात लावत न्हाय ती."

हंबीररावांनी मान खाजवली. लाज वाटली असती तर खाली घातली असती.

"बरं, बदलला. मग? पापडावर घर उभं ऱ्हातंय व्हय? मार गिलावा, वरनं टाइल्स लावू. दिवाळीला आईची कॉट खाली उतरायची हाय. तिच्या खोलीत मला आफिस करायचंय, सोफा सांगितलाय. जमत न्हाय तर बोल, धा मिस्त्री मिळत्यात."

आई म्हणजे तानाबाई. वय ऐंशीला टेकलेलं, दम्यानं चार पायऱ्या चढल्या की छाती लोहाराच्या भात्यागत वाजायची. ती या तळघरात निजणार म्हणूनच इमामनं पापडाचा हट्ट धरला होता.

"आना की धा मिस्त्री," इमाम म्हणाला. "आन् त्यास्नी सांगा, हितं दम्याचं मानूस झोपनार हाय. बगू कोन थापी उचलतोय. न्हाईतर असं करा, आदी आठ दिस तुमी झोपा."

"हंब्या!"

जिन्याच्या वरच्या टोकाला तानाबाई काठी टेकून उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"पापडाचा डबा तू उघडलास व्हय? आन् मी सकाळधरनं सुनंवर वरडाय लागलेय!"

"आई, हळू बोल. गल्ली ऐकतीया."

"ऐकू दे की! इंजन लावलंस तवा बलवून आनलीस, आता गल्ली नको व्हय?" ती दम घ्यायला थांबली. "माझ्याच डब्यातला पापड घिऊन मलाच बिळात घालाय निघालास? मी खोलीतनं हलत न्हाय. आफिस घाल खाली. येनाऱ्या पावण्यांस्नी दे वास."

"आगं, मान्सं येत्यात मोठी मोठी..."

"मग त्यास्नी पापड दे."

हंबीररावांनी इमामकडं असं बघितलं, जणू पापड इमामनंच चोरला होता. मग खिशातून फोन काढला, न वाजलेला, कानाला लावला आणि "हां, बोला सायेब" करत बाहेर सटकले. मर्दपणा इंजनापुरताच.

"इमाम," वरून तानाबाई म्हणाली, "किती दिस लागत्याल अजून?"

"पंधरा तरी, काकी. कोपरा अजून वला हाय."

"लागू देत. च्या पाठवते."

इमामनं ताटली पुसली आणि आपल्या डब्यातून सलमाचा वाकडा पापड काढून संध्याकाळसाठी कोरड्या फडक्यात बाजूला ठेवला. झडपा सताड उघडल्या. मागच्या कोपऱ्यात, तड्याच्या वर, जुना गिलावा थोडा राहिला होता. बोटानं ठोकला तर बद्द वाजला, म्हणजे आतून ओलीनं सुटलेला. त्यानं तोंडाला फडकं बांधलं, छन्नी टेकवली आणि हातोडा हाणला.