चष्म्याचा नंबर घालवताना

आमच्या घराण्यात चष्मा लागलेला पहिला माणूस मी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरात हा मान मिळवणं म्हणजे चेष्टा नाही. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वडील समोरच्या टेकडीवरचं मेंढरू नुसत्या चालीवरून ओळखायचे, आणि मला पाचवीत फळ्यावरचं दिसत नव्हतं. "पुस्तकात लई डोळे घातले, त्याचं झालं हे," असं त्यांचं निदान. माझ्याकडून पुस्तकांना एवढा त्रास झाल्याचं मला तरी आठवत नाही.

संध्याकाळी मेंढरं कुंपणात शिरताना वडील तोंडाशी उभे राहायचे. पण मोजायचे मात्र कधीच नाहीत. "मोजायचं नसतंय. कोण नाय ते बघायचं." सगळ्या कळपावरून एकदा नजर फिरवायची, "सगळी हायेत" म्हणायचं आणि काटे ओढून वाट बंद करायची. एकदा त्यांनी मला तिथं उभं केलं. मीही रुबाबात "सगळी हायेत" म्हणून मोकळा झालो. दोन मेंढ्या ओढ्यातच राहिल्या होत्या. वडील रागावले नाहीत, पण ते काम पुन्हा मला सांगितलं नाही. पस्तिशी आली तरी ते मला सलत होतं.

लोक लग्नासाठी नंबर घालवतात, भरतीसाठी घालवतात. मला वडिलांना एकदा दाखवून द्यायचं होतं. दवाखान्याच्या फॉर्मवर असलं कारण लिहायला जागा नव्हती, म्हणून मी 'वैयक्तिक' असं लिहिलं.

दवाखाना शहरात, औरंगपुऱ्यात होता. आधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स बंद, मग बुबुळाची जाडी मोजणं, मग थेंब घालून बाहुल्या मोठ्या करणं. दोन वर्षांत नंबर वाढलेला नव्हता आणि बुबुळ चांगलं जाड निघालं. शरीरातली एखादी गोष्ट जाड असल्याबद्दल माझं पहिल्यांदाच कौतुक झालं. "चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणारच बरं का," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चष्म्याशी काडीमोड फक्त पाच वर्षांसाठी होता. तरीही मी सही केली.

"नंतर आठवडाभर डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही," त्यांनी बजावलं.

"ती काळजी आमचा नळ घेतो," मी म्हणालो. ते दुष्काळाचं वर्ष होतं. हर्सूलकडच्या आमच्या कॉलनीत नळाचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं आणि टँकर आला की शेजारधर्म संपायचा. माझ्या डोळ्यांसाठी मात्र कृत्रिम अश्रूंची बाटली औषधाच्या दुकानात हवी तेव्हा मिळत होती.

प्रत्यक्ष ऑपरेशन दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचं. पापण्या चिमट्यानं उघड्या धरतात, त्यामुळं भीतीनं डोळे मिटायचीही सोय नसते. हिरव्या ठिपक्याकडं बघत राहायचं. मध्येच सगळं अंधारून येतं, केस जळाल्यासारखा वास येतो. तो वास आपलाच आहे हे कळतं तेव्हा फार घाबरायला होतं. मी घाबरलो, आणि तेवढ्यात दुसरा डोळा सुरू झाला.

घरी थेंब घालायचं काम वडिलांकडं आलं, कारण बायकोची शाळा होती. चारा-पाणी नाही म्हणून त्याच उन्हाळ्यात मेंढरं विकून ते आमच्याकडं आले होते. दर दोन तासांनी ते माझ्यावर वाकायचे. पहिला थेंब गालावर पडायचा, दुसरा कानात. "आण्णा, डोळा वर हाय," मी म्हणायचो. "गप पड. तूच लई हालतो," ते म्हणायचे. मी दगडासारखा पडलेला असायचो. मेंढराला औषध पाजणारा हात, त्याला थेंबाची कला कुठून येणार, अशी मी माझी समजूत घातली.

आठवड्यानं, तपासणीच्या आदल्या दिवशी, काळा गॉगल घालून मी त्यांच्याबरोबर हर्सूल तलावाकडं फिरायला निघालो. लांबच्या झाडाची पानंसुद्धा सुटी सुटी दिसत होती. आता ते कधी परीक्षा घेतात याचीच मी वाट बघत होतो.

तलाव आटून त्याला भेगा पडल्या होत्या. कडेच्या माळाशी वडील थांबले. चेहरा उजळला.

"बघ, कशी निवांत बसलीत. ह्या दुष्काळात कुणाची म्हणायची एवढी मेंढरं?"

मी बघितलं. माळावर प्लॉट पाडले होते. कोपऱ्या-कोपऱ्यावर चुना फासलेले दगड, त्यांवर लाल रंगात आकडे. मला हसू येणार होतं.

तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "किती हायेत रं?"

उभ्या जन्मात त्यांनी कुणाला मेंढरांचा आकडा विचारला नव्हता. गालावरचे थेंब आठवले. मेंढरं विकायला चारा-पाण्याचं नुसतं निमित्त होतं. कोण नाही ते त्यांना दिसेनासं झालं होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणजे, तोंड असेल त्या बाजूला.

मी सगळ्या दगडांवरून एकदा नजर फिरवली.

"सगळी हायेत, आण्णा."

"व्हय," ते म्हणाले. "मला बी तसंच वाटलं."

दुसऱ्या दिवशी तपासणीला जाताना मी त्यांना म्हणालो, "मला अजून अंधारी येते, हात धरायला कुणीतरी पाहिजे." ते लगेच चप्पल शोधायला लागले. चप्पल त्यांच्या पायाशीच होती.