पाळणाघराची गरज दिसत नाही

पोरं सांभाळणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी न मागता साठतात, एकेकटे मोजे आणि किस्से. मोजे मी शनिवारी आयांच्या अंगावर फेकते. किस्से कुणी परत नेत नाही, म्हणून आता तुम्ही ऐका.

मळवलीला आमच्या बचत गटानं समाजमंदिरामागच्या खोलीत पाळणाघर काढलं. कारभारीण मी. मदतीला कांता मावशी, आंदर मावळातल्या, स्वतःची सहा आणि लेकींची डझनभर पोरं वाढवून बसलेल्या. सरकारी मदतीसाठी अर्ज टाकला होता. मंजूर झाला तर पोरांचा खाऊ, आमचं मानधन सगळं सुरू. नाही झाला तर महिनाअखेर कुलूप. "होणार म्हणजे होणारच!" असं मी गावभर सांगून बसले होते. मला बोलायची घाई फार.

*

सगळ्यात जास्त घोर कमलला. ती तुंगार्लीला एका बंगल्यावर कामाला, घरात कमावणारी एकटीच. पाळणाघर नव्हतं तेव्हा तान्ह्या परीला बंगल्यावरच न्यायची. मालकीण मुंबईला, पण कॅमेऱ्यातून सगळं बघायची. एकदा फोन आला, "कमल, लॉनवर काय रांगतंय?"

कमल घाबरून म्हणाली, "मांजर आहे, मॅडम!"

"मग मांजराला टोपडं कुणी घातलं?"

तेव्हाच मालकिणीनं बजावलं, पुन्हा पोर दिसलं तर दुसरी बाई बघीन. म्हणजे आमच्या खोलीला कुलूप लागलं की कमलची नोकरी गेलीच.

*

अर्जासोबत प्रत्येक आईच्या कामाचा दाखला हवा. आमची ठकूबाई स्वतःच्या शेतात राबते. तिला घेऊन सरकारी ऑफिसात गेले. क्लार्कनं विचारलं, "मालकाचं नाव?"

"मीच की!"

"कामाची वेळ?"

"लावणीत व्हय? उजाडल्यापास्नं दिसंनासं हुस्तवर."

"साप्ताहिक सुट्टी?"

"ती काय असती?"

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही कामावर जाता याचा पुरावा काय देणार?"

ठकूबाई थेट बांधावरून आलेली. तिनं साडी घोट्यावर घेतली आणि चिखलानं भरलेला पाय पुढं केला. "ह्याच्यावर मारा शिक्का!"

दाखला शेवटी ग्रामपंचायतीतून आणला. पण ऑफिसातली फरशी आम्हालाच पुसायला लागली.

*

मग फोन आला, उद्या ऑफिसातल्या मॅडम तपासणीला येणार. मी घरोघर निरोप धाडला, पोरं नीट आवरून आणा.

झालं! आमच्याकडं पाहुणा यायचा म्हणजे घरधनीण दारात पाहिजे, नाहीतर पाहुण्याचा मान राहत नाही. सगळ्या आयांनी कामावर खाडा केला! लग्नातल्या साड्या, हातात औक्षणाचं ताट, नारळ. मॅडमना ओवाळलं. मॅडम संकोचून आत आल्या, बघतात तर पाळणे रिकामे आणि एकेक पोर आपापल्या आईच्या मांडीवर ऐटीत बसलेलं.

"आज कुणालाच काम नाही का?"

"तुमच्यासाठी खाडा केला, मॅडम!" कमल कौतुकानं म्हणाली.

मॅडमनी शेरा लिहिला, 'आया घरी असतात. पाळणाघराची गरज दिसत नाही.'

कमल रडायलाच लागली. "ताई, माझ्याच तोंडानं घात केला हो!"

"गप गं! मी आहे ना!" असं मी म्हणून बसले. परत तीच बोलायची घाई!

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ठाण मांडलं. "मॅडम, परत या. कुठल्याही सोमवारी, न सांगता!" शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की सोमवारी बंगल्यांवर मरणाचं काम असतं. आयांना दम भरला, "सोमवारी एकीचा जरी पदर दारात दिसला तर माझ्याशी गाठ आहे!"

तिसऱ्या सोमवारी मॅडम आल्या. आई एकही नाही, पोरं अकरा, त्यातली सात रडतायत. कांता मावशींनी परीला उचललं आणि सरळ मॅडमच्या खांद्यावर दिलं. "धरा वाईच. मी दुदाचं बगते."

परी दोन मिनिटांत झोपली, मॅडमची ओढणी मुठीत धरून. मॅडम टेबलाशी बसल्या, फॉर्म काढला. एका हातानं पेनाचं टोपण निघेना. निघालं तर कागद सरकायला लागला. कागद धरायला वाकल्या तर परी किंचाळली. उठून थोपटलं, फेऱ्या मारल्या, परत बसल्या. फोन वाजला, तो पर्समध्येच वाजून बंद झाला. अर्धा तास झाला, फॉर्मवर तारखेच्या पुढं अक्षर नाही! मी परीला घ्यायला उठले, तर मावशींनी डोळे वटारून मला खाली बसवलं.

शेवटी मॅडम वैतागल्या. "अहो, हिला घ्या ना कुणीतरी! मला कामच करता येत नाहीये!"

मावशींनी परीला अलगद खांद्यावर घेतलं, खाली पडलेलं पेन उचलून मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या,

"तेच लिवा, बाई."