येडशीच्या बंगल्यातली पाखरं

लग्न होऊन मी येडशीला आले ते निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? नवरा स्टेशनात तारबाबू होता. लहान रुळांवरची लहान गाडी यायची, पाणी पिऊन निघून जायची, की पुन्हा सगळं सामसूम. क्वार्टरच्या मागच्या दारातून रामलिंगचा डोंगर दिसे. तो डोंगर माझ्या ओळखीचा होता.

लहानपणी आम्ही माकणीहून येरमाळ्याच्या देवीला बैलगाडीनं निघालो होतो. वाटेत वडिलांनी रामलिंगच्या दरीत गाडी सोडली. मी पाण्याकाठी बसले होते. समोरून एक पांढरंशुभ्र पाखरू गेलं. डोकं काळंभोर आणि मागं दोन लांब फिती, अंगापेक्षाही लांब. त्या फिती हवेत सावकाश लहरत गेल्या. मी धावत जाऊन सांगितलं, तर वडील म्हणाले, "डुलकी लागली आसंल तुला." पुढं घरात मी काही वेगळं बोलले की सगळे विचारायचे, "पांढरं पाखरू दिसलं का?" होता होता मलाही वाटू लागलं, की ते स्वप्नच असावं.

स्टेशनापासून थोडं दूर झाडीत जंगल खात्याच्या साहेबांचा बंगला होता. एकदा हैदराबादहून त्यांच्या घरचं रंगांचं पार्सल आलं आणि नवरा ते स्वतः पोचवून आला.

"साहेबांच्या थोरल्या बहिणीनं तुला बोलावलंय," तो म्हणाला. "त्या पाखरांची चित्रं काढतात म्हणे. खोली भरलीय नुसती. मला काही आत जनान्यात जाता येत नाही, तू बघून ये."

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "चल, मी बी येते."

त्या बहिणीला सगळे आपा म्हणत. त्यांनी आम्हाला ज्या खोलीत नेलं तिच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, नुकतेच भिजवलेले. बाहेर ऊन रखरखत होतं आणि आत हिरवट, ओला अंधार. डोळे निवले तेव्हा भिंती दिसू लागल्या. पळसाच्या फांदीवर पोपट, बाभळीवर सुगरणीचे खोपे, दगडाआड दबलेली लाव्हरी. आम्ही आत आलो म्हणून ती सगळी क्षणभर गप्प झाली आहेत असं मला वाटलं. मी पाय न वाजवता चालू लागले.

टेबलावर एक जाडजूड विलायती पुस्तक होतं. त्यात पाखरांची चित्रं, त्यांची घरटी, त्यांचं खाणं. आपा म्हणाल्या, "ये घर में बैठके पढने की किताब है. मैं छोटी बना रई हूँ, जंगल में हात में लेके फिरने की." त्यांना प्रत्येक पाखराचं इथलं नाव हवं होतं. सासूबाई आधी पदराआडून बोलत होत्या. थोड्या वेळानं त्या भिंतीपाशी जाऊन बोट दाखवू लागल्या. "ह्यो तांबट. ह्यो भारद्वाज, ह्यो दिसला की दिस चांगला जातोय बगा."

आणि मग कोपऱ्यात मला ते दिसलं. काळं डोकं, पांढरं अंग, दोन फिती.

"आपा, हे खरं असतं?"

"हौ, सच्चीमुच्ची का," त्या हसून म्हणाल्या. "बच्चा रहता तो ईंट के रंग का. बडा हुआ तो सफेद."

मी लहानपणची हकिकत सांगितली. त्यांचं हसू मावळलं. "भाई मारके लाए थे, वो सामने रखके बनाई मैं. उडता हुआ कब्बी नै देखी," त्या म्हणाल्या. चित्रातल्या फिती खरंच काठीसारख्या ताठ होत्या. आपा मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, कशा हलत होत्या, वर की खाली? मला हातानं दाखवता येईना. शेवटी आपाच म्हणाल्या, "मेरेकू ले जाओ."

पडदा लावलेल्या दमणीतून आम्ही तिघी भल्या सकाळी रामलिंगला गेलो. गाडीवान वरच थांबला. दरीत माणूस नव्हतं. आपांनी नकाब वर केला आणि त्या दगडावर बसल्या. पाण्याचा आवाज एकसारखा येत होता. सासूबाईंचा डोळा लागला. माझ्याही पापण्या जड झाल्या, आणि तेवढ्यात झाडीतून ते उतरलं, पाण्याला जरासं टेकून वर उठलं, फिती मागून आल्या. आपांनी कागद उघडलाच नाही. त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि पाखराच्या मागोमाग हवेत वळत राहिला. ते दिसेनासं झालं तरी हात खाली आला नाही.

नवं चित्र तयार झालं तेव्हा माझे वडील मला भेटायला आले होते. मी त्यांना बंगल्यावर नेलं, आणि आपांनी ते चित्र बाहेर व्हरांड्यात पाठवलं. वडिलांनी ते दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ बघितलं.

"आसंल," ते हळूच म्हणाले. "म्या तवा बैलांकडं बघत हुतो."

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली. सांजेला दारं लागू लागली. साहेबांनी घर हलवायचं ठरवलं. चित्रं रजयांत गुंडाळून पेट्यांत भरली आणि त्या पेट्या नवऱ्यानं स्वतः डब्यात नीट लावून घेतल्या. ती छोटी किताब पुरी झाली की नाही, मला कधी कळलं नाही.

गाडी निघायच्या बेतात होती. मी खिडकीपाशी उभी होते. एवढ्यात आपा खिडकीबाहेर वाकून वर बघू लागल्या. तारेवर एक करड्या रंगाचं पाखरू बसलं होतं.

"इसको क्या बोलते?"

मी मान वर केली. मला त्याचं नाव येत नव्हतं. मी तसं सांगितलं, तेव्हा गाडी हलली होती, आणि आपा अजून त्या पाखराकडंच बघत होत्या.