बांधावरचे दोन कप

जमीन मोजणीच्या खात्यात पगाराखेरीज मला काही मिळालं असेल, तर तो हा मित्र. मी नवखा होतो, तो दहा वर्षं मुरलेला. सोलापुरातून आमची जोडी निघायची आणि ज्या तालुक्यात मोजणीला माणूस कमी, तिथं ऊन खात फिरायची.

बांधाच्या भांडणात मोजणीवाल्यानं कुणाकडे चहा घ्यावा, हा मोजणीपेक्षा अवघड प्रश्न. एकाकडे घेतला की दुसऱ्याला वाटतं, साहेब फुटले. कुणाकडेच नाही घेतला तर दोघंही रुसतात आणि टेप धरायला कुणी येत नाही. मित्राचा तोडगा साधा होता: दोन्ही घरी प्यायचा, आणि सारखाच प्यायचा. बांध मोजतानाही तू इतका काटेकोर नसतोस, असं मी त्याला चिडवायचो.

नातेपुत्याजवळ एकदा दोन सख्ख्या भावांची मोजणी होती. थोरल्याकडे चहा झाला, काम अर्ध्यावर आलं आणि धाकटा आडवा आला. "सायेब, तिकडं च्या घेतला न्हवं? मग आमचा काय कडू हाय व्हय?"

मित्र मोजणीचं मशीन तिथंच सोडून त्याच्या ओसरीवर जाऊन बसला. "दोन कप आणा. तिकडं दोन झालेत." धाकट्याची बायको हसली, मग धाकटाही हसला. हद्दीचे दगड शेवटी त्यानंच रोवले.

अडचण एवढीच, की मित्राला शुगर होती. आणि खेड्यात पाहुण्याच्या चहात चमचाभर साखर जास्तच पडते. मला पित्ताचा त्रास, पण नको म्हटलं की घरधनी नाराज. मग मी माझा कप हळूच त्याच्याकडे सरकवायचो. तो डोळा मिचकावून संपवायचा.

"अरे, बिनसाखरेचा माग की," मी म्हणायचो.

"मागितला की म्हणतात, सायबाची लई नाटकं. तू तुझं पित्त सांभाळ."

दौऱ्यावर निघताना वहिनी दारात विचारायच्या, "भावजी, हे बाहेर चहा पीत नाहीत ना?"

"छे! मी आहे की सोबत," मी छातीठोकपणे सांगायचो. मागं तो बुटाची नाडी बांधत हसू दाबायचा. मलाही मजा वाटायची.

शुगरनं आधी त्याच्या पायाचं बोट नेलं, मग किडन्या. यंदाचा उन्हाळा संपायच्या आत तो गेला. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो, ते वहिनींना सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. रिक्षात वाक्यं जुळवत होतो. खोलीत पाहुणे बसले होते. वहिनींनी माझ्यासाठी खुर्ची आणायला लावली आणि सगळ्यांना सांगितलं, "हे भावजी सोबत असायचे, म्हणून इतकी वर्षं तरी मिळाली."

मी खुर्चीत बसलो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.